गोथेनबर्गचा बाजार, एका कापड दुकानदाराच्या नजरेतून

आमचं सांगलीत कापडाचं दुकान आहे. त्यामुळे कुठल्याही गावाला गेलो तरी माझी नजर आधी गल्ल्याकडं जाते. लेक नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये गोथेनबर्गला असते, तिच्याकडं गेलो तेव्हा तिथला बाजार पायी हिंडून बघितला.

हॅगा भागाचं नाव सगळेच सांगतात. तळमजला दगडविटांचा आणि वर दोन मजले लाकडी, अशी तिथली जुनी घरं. आगीच्या भीतीनं अख्ख्या लाकडी तिमजली घराला बंदी होती, त्यावर काढलेली ही १९व्या शतकातली तोड. रस्ता देखणा, भाव मात्र पर्यटकांचे. लोकरीच्या मोज्यांवरची चिठ्ठी वाचून आमच्या सौंनी ते गुपचूप जागेवर ठेवले. कॅफे हुसारेनचा दालचिनी बन तेवढा खा. ताटाएवढा असतो, चौघांत एक पुरे.

विक्रीची तऱ्हा मला आवडली. आत शिरलं की 'हेय' म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. मागं मागं कोणी येत नाही. पण विचारलं, की हातातलं टाकून येतात. स्वेटर बघताना तिथल्या पोरीनं तो उलटा करून शिवण दाखवली, "सारखा धुऊ नका, वाऱ्यावर टांगा" म्हणाली, आणि तुमच्याकडच्या थंडीला हा स्वस्तातलाच बरा, असंही सांगितलं. आमच्या पोऱ्यानं असं केलं असतं तर मी त्याला गोदामात बसवला असता!

घासाघीस नाही. कपड्यांवरचा २५ टक्के कर छापील किमतीतच धरलेला असतो. आपल्यासारख्या पाहुण्यांना २०० क्रोनरच्या पुढच्या खरेदीवर त्यातला काही भाग परत मिळू शकतो. बिल करतानाच विचारायचं. नोटा नेऊ नका, बरीच दुकानं फक्त कार्ड घेतात.

पैसे सोडायचेच तर कुंग्सतोर्येत नावाच्या चौकातल्या सालुहालेनमध्ये सोडा. १८८९ची मंडई, वर लोखंड आणि काचेचं कमानदार छत, खाली चीज, मासे, मसाले. चीजवाल्यानं मागितल्यावर तीन प्रकारचे तुकडे कापून चाखायला दिले, आणि आम्ही सगळ्यात छोटा घेतला तरी तोंड वाकडं केलं नाही. मासे खाणाऱ्यांनी कालव्याकाठच्या फेस्केशोर्कालाही जावं. १८७४चा हा मासळीबाजार बाहेरून थेट चर्च वाटतो.

पाचपैकी चार तारे. एक चहापायी कापला: गरम पाण्याचा कप, शेजारी पुडी, आणि त्याचेही पैसे.