‘आजीवन’ प्रमाणपत्र आणि मी चुकीचं शिकवलेली चौदा माणसं

मी नाशिकला क्रीडाशिक्षक आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या स्पर्धांत एक पालक मैदानाच्या कडेला कोसळले. रिक्षा येईपर्यंत आम्ही नुसतं त्यांच्या तोंडावर पाणी मारत होतो. ते गेले. तेव्हापासून सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकायचं आणि शिकवायचं हेच डोक्यात होतं. म्हणून एक जाहिरात पाहून भुललो: ‘दोन दिवसांत प्रशिक्षक व्हा, अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार.’

सगळी मेख त्या ‘नुसार’मध्ये होती. ती तत्त्वं जाहीर असतात, त्यांचं नाव कोणीही घेऊ शकतं. तेवढ्याने कोणी संलग्न ठरत नाही.

फी २४,००० रुपये. लॉजच्या हॉलमध्ये आम्ही छत्तीस जण, मॅनिकिन (सरावाचा पुतळा) एकच. माझ्या वाट्याला चारेक मिनिटं आली. शिकवणारे सांगत होते, “हलक्या हाताने दाबा, बरगडी मोडली तर केस होईल.” मी ते वहीत उतरवून घेतलं. परीक्षेची उत्तरं फळ्यावरच लिहिली होती. प्रमाणपत्रावर होलोग्राम, क्यूआर कोड आणि ठळक अक्षरांत ‘आजीवन वैध’.

सोसायटीतल्या चौदा जणांना मी उत्साहाने शिकवलं. मग सातपूरच्या एका कंपनीत वर्ग घ्यायचं ठरत होतं. तिथल्या सुरक्षा अधिकारी मॅडमनी क्यूआर स्कॅन केला आणि म्हणाल्या, “सर, हे त्यांचं स्वतःचंच पान उघडतंय. असोसिएशनच्या साइटवर ई-कार्डचा कोड टाकून बघा.” माझ्याकडे कोड नव्हताच. असोसिएशनचं कार्ड दोन वर्षांचंच असतं, आजीवन नसतं, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

खरा रस्ता लांबचा आहे. आधी प्रोव्हायडर कोर्स, म्हणजे स्वतः सीपीआर द्यायला शिकण्याचा कोर्स, करून, मॅनिकिनवर प्रत्यक्ष परीक्षा देऊन कार्ड मिळवायचं. मग एखाद्या मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरने तुम्हाला स्वीकारायला हवं, त्यानंतर इन्स्ट्रक्टर कोर्स, आणि शेवटी तुम्ही घेतलेला वर्ग त्यांच्या माणसाने समोर बसून तपासायचा. पैसे भरण्याआधी सेंटरचं नाव विचारा आणि ते असोसिएशनकडे आहे का ते स्वतः बघा. नाव सांगायला टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा.

पैसे मागितले तर उत्तर आलं, ‘ते सदस्यत्व शुल्क होतं, परत मिळत नाही.’ पावती काढून पाहिली, खरोखर तसंच छापलेलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, अजून रुपयाही आलेला नाही.

पण पैशांपेक्षा ते ‘हलक्या हाताने’ मला झोपू देत नव्हतं. प्रौढ माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची. बरगडीला तडा गेला तरी थांबायचं नाही. हे सगळं मी खऱ्या कोर्सला, पुरेसं दाबलं की ‘टक्’ वाजणाऱ्या मॅनिकिनवर, घाम गाळून शिकलो.

मग भाड्याने मॅनिकिन आणून त्या चौदा जणांना परत बोलावलं. पहिलं शिकवलेलं चूक होतं, असं हात जोडून सांगितलं. अकरा जण आले. एक काकू म्हणाल्या, “एवढ्या जोरात?” आणि टक् वाजेपर्यंत दाबत राहिल्या. उरलेले तिघे घर बदलून गेलेत. दोघांचे नंबर मिळालेत, तिसऱ्यांचा शोधतो आहे.