घरीच बदललेला डिस्प्ले, आठ महिन्यांनंतर

गेल्या नोव्हेंबरात मी माझ्या फोनचा फुटलेला डिस्प्ले घरीच बदलला. आता जुलै चालू आहे आणि हे सगळं त्याच फोनवर टाइप करतोय. मधल्या काळात तो फोन मी एकूण चार वेळा उघडला. पहिल्यांदा डिस्प्ले बदलायला आणि नंतर तीनदा दुरुस्तीला. त्या तिन्ही वेळा मला आधी वाटलं की नवा डिस्प्लेच खराब निघाला. तिन्ही वेळा डिस्प्ले ठीक होता, बिघाड त्याच्या आजूबाजूला होता. हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझी बरीच तगमग वाचली असती, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. सौदे निघाले की शेतकऱ्यांना भाव कळवायचा, हमालांचा हिशेब, गाड्यांचा पत्ता, सगळं फोनवरच चालतं. फोन पडला तो वजनकाट्याशेजारच्या फरशीवर, कोपऱ्यावर. काच तडकलीच, शिवाय खालच्या दोन बोटं जागेत टच बंद पडला, म्हणजे कीबोर्डच गेला. दुकानात ३२०० रुपये सांगितले आणि फोन दोन दिवस ठेवून जा म्हणाले. फोन चार वर्षांचा, साध्या एलसीडीचा. दोन दिवस फोनशिवाय राहणं मला शक्य नव्हतं. कॉम्बो १६५० ला मिळाला, हत्यारांचा संच ३५० ला, आणि बी-७००० गोंदाची एक ट्यूब.

कॉम्बो म्हणजे डिस्प्ले आणि त्यावरची टचची काच, दोन्ही एकत्र चिकटवलेलं. काही दुकानदार त्यालाच फोल्डर म्हणतात. तो फ्रेमसह मिळतो आणि फ्रेमशिवायही. मी फ्रेमशिवायचा घेतला, कारण चारशे रुपये वाचत होते. पुढचा जवळजवळ सगळा त्रास त्या चारशे रुपयांतून आला. फ्रेमसह घेतला की आतला बोर्ड, बॅटरी, स्पीकर नव्या फ्रेममध्ये हलवावे लागतात, ते काम वेळखाऊ आहे. पण डिस्प्ले फ्रेमला चिकटवण्याचं सर्वांत नाजूक काम कारखान्यात झालेलं असतं. पहिल्यांदा करणाऱ्याने फ्रेमसहच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बदलण्याच्या कामाचे व्हिडिओ भरपूर आहेत, त्यामुळे ते थोडक्यात सांगतो. हेअर ड्रायरने मागचं झाकण गरम करून प्लास्टिकच्या कार्डाने सोडवलं. एका कोऱ्या कागदावर फोनची आकृती काढली आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच चिकटपट्टीखाली ठेवला. यात आळस करू नका. स्क्रू दिसायला सारखे असतात पण लांबी वेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर बोर्डाच्या आतल्या थरांना इजा होते. पहिल्यांदा बॅटरीची स्ट्रिप, म्हणजे बोर्डाला जोडणारी चपटी वायर, सोडवायची आणि ती सर्वांत शेवटी जोडायची. बॅटरी जोडलेली असताना डिस्प्लेचा कनेक्टर तिरका बसला तर बॅकलाइटचं, म्हणजे पडद्याला मागून उजेड देणारं, सर्किट जळू शकतं. आणि बॅटरीजवळ धातूचं टोकदार काहीही नेऊ नका. लिथियमच्या बॅटरीला भोक पडलं तर ती तिथेच पेट घेऊ शकते.

जोडणी करून फोन चालू केला तर तो थरथरला, सुरुवातीचा सूर वाजला, पण पडदा काळाच. फोन जिवंत आहे आणि चित्र नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा कनेक्टर नीट बसलेला नाही. बॅटरी काढली, डिस्प्लेचा कनेक्टर उचलून पुन्हा बोटाने दाबला. नीट बसला की बोटाला बारीक 'टक' जाणवते. पहिल्या खेपेला ती जाणवली नव्हती. दुसऱ्या खेपेला चित्र आलं. गोंद लावायच्या आधी हे बघितलं म्हणून निभावलं. नवा डिस्प्ले न चिकटवता जोडून अर्धा तास तरी वापरून पाहा. सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'पॉइंटर लोकेशन' म्हणून एक सोय असते. ती चालू करून बोटाने पडद्यावर शेतातल्या सऱ्यांसारख्या आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या. रेघ जिथे तुटते तिथे टच मेलेला आहे, आणि असा डिस्प्ले गोंद न लावलेला असला तरच दुकानदार परत घेतो. डेव्हलपर ऑप्शन्स दिसत नसतील तर 'अबाउट फोन'मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारायची.

पहिला खरा त्रास आठवड्याभरात सुरू झाला. कॉल लावला की पडदा काळा व्हायचा आणि फोन कानापासून लांब नेला तरी उजळायचा नाही. कॉल तोडताही यायचा नाही. जत भागातले एक शेतकरी दहा मिनिटांनी म्हणाले, "दिवाणजी, अजून लाइनवरच हाय का तुम्ही?" मी तोवर दुसऱ्या माणसाशी त्याच्या मालाच्या भावाबद्दल बोलत होतो आणि ते सगळं त्यांनी ऐकलं होतं. आमच्या धंद्यात ही बारीक गोष्ट नाही.

तात्पुरता इलाज म्हणून ॲक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन 'पॉवर बटणाने कॉल संपवा' चालू केलं. ज्यांचा असाच घोटाळा आहे त्यांनी हे आजच करावं. मग मूळ कारण शोधलं. इअरपीसशेजारी प्रॉक्सिमिटी सेन्सर असतो. तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो, आणि तो गालावर आपटून परत आला की पडदा बंद करतो. सोडणारा आणि घेणारा भाग यांच्यामध्ये एक काळं रबर असतं, नखाएवढंही नाही, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं. ते नसेल तर प्रकाश काचेच्या आतल्या बाजूवरूनच परत येतो आणि फोनला वाटतं, तो सतत कानाशीच आहे. ते रबर माझ्या जुन्या डिस्प्लेला चिकटून राहिलं होतं. जुना डिस्प्ले मी फेकला नव्हता हे नशीब.

रविवारी दुपारी फोन दुसऱ्यांदा उघडला. फोनमध्ये हार्डवेअर तपासणीचा एक छुपा मेनू असतो, डायल पॅडवर कोड टाकून उघडतो, कोड प्रत्येक कंपनीचा वेगळा. त्यात सेन्सरचा आकडा दिसतो. समोर काही नसलं तर ५, हात आणला तर ०. माझ्या फोनवर कायम शून्य. मुलगी आकडा वाचत बसली आणि मी चिमट्याने रबर बसवत होतो. "बाबा, शून्य. शून्य. अजून शून्यच." सेन्सरच्या खिडकीवर गोंदाचा पातळ पापुद्रा होता, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसला. "पाच! बाबा, पाच झालं!" तिचा हात पुढे-मागे करत आम्ही ते दहा वेळा बघितलं. त्याच वेळी डिस्प्लेच्या खालच्या कडेला दिसणाऱ्या पांढुरक्या डागाचंही कारण सापडलं. फ्रेमच्या खाचेत जुन्या काचेचा एक कण राहिला होता आणि तो एलसीडीला मागून दाबत होता. कण काढला, डाग गेला. नवा डिस्प्ले बसवण्याआधी खाचेतून नख फिरवून बघा. डोळ्याला न दिसणारा कण नखाला लागतो.

डिसेंबरात दुसरा त्रास. चार्जिंगला लावला की फोन आपोआप चालू लागायचा. ॲप उघडायची, अक्षरं टाइप व्हायची. एका रात्री दीड वाजता शेठजींना कॉल लागला. मी आधी सेफ मोडमध्ये चालू करून बघितला, म्हणजे बाहेरून घेतलेली सगळी ॲप बंद. तरीही तेच, म्हणजे दोष ॲपचा नाही. मग चार्जर बदलून पाहिले. यार्डातल्या स्वस्त चार्जरवर फार, फोनबरोबर आलेल्या चार्जरवर कमी, आणि पॉवर बँकवर अजिबात नाही. या पॉवर बँकेनेच मला उत्तर दिलं. टचची काच बोट जवळ आल्यावर होणारा विजेच्या भारातला अगदी सूक्ष्म बदल ओळखते. चार्जरमधून घरच्या विजेचा गोंगाट आत आला आणि डिस्प्लेचं ग्राउंडिंग कच्चं असलं की काचेला तेच बोट वाटतं. पॉवर बँकेला घरच्या विजेचा संबंध नाही, म्हणून तिच्यावर सगळं शांत.

जुना डिस्प्ले पुन्हा काढून उलटा धरला. त्याच्या पाठीवर, स्ट्रिप जिथून निघते तिथे, चंदेरी कापडासारखी टेप होती. ती वीजवाहक असते आणि डिस्प्लेची पाठ फ्रेमच्या धातूशी जोडते. नव्या कॉम्बोला ती नव्हतीच. जुनी टेप हलक्या उष्णतेने सोडवून नव्यावर लावली. ही तिसरी उघडणी. त्यानंतर मूळ चार्जरवर एकदाही आपोआप टच झालेला नाही. स्वस्त चार्जर मी वापरणंच सोडलं.

आता गोंदाबद्दल. बी-७००० काही मिनिटांत धरतो पण पुरता वाळायला २४ ते ४८ तास घेतो. मी रबर बँड लावून एक रात्र ठेवला आणि सकाळी कामाला घेऊन गेलो. ही घाई एप्रिलमध्ये भोवली. सांगलीचा उन्हाळा, पारा चाळिशीच्या आसपास, आणि फोन दुचाकीच्या होल्डरमध्ये. वरचा उजवा कोपरा सुटू लागला, पण उघड्या डोळ्यांना फट दिसेना. ती मला हळदीने दाखवली. यार्डात हंगाम जोरात होता, राजापुरी हळदीचे ढीग, हवेत सतत पिवळी भुकटी. पांढऱ्या कापडाने फोन पुसला तर तीन बाजू स्वच्छ आणि चौथ्या बाजूला केसासारखी बारीक पिवळी रेघ, बरोबर कोपऱ्यापासून आवाजाच्या बटणापर्यंत. पुसली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. जिथे गोंद नाही तिथेच भुकटी बसत होती. इअरपीसच्या जाळीतही तीच भरली होती, म्हणून आवाज खोल गेला होता. तो मी नेटवर्कचा दोष समजत होतो.

चौथ्यांदा उघडला तेव्हा जुना गोंद पूर्ण खरवडला. नव्या गोंदाची बाजरीच्या दाण्याएवढी जाड रेघ ओढली, इअरपीसच्या बाजूला त्याहून पातळ. जाळी मऊ ब्रशने कोरडीच साफ केली. मग सलग दोन दिवस फोन बंद ठेवून जाड पुस्तकांखाली दाबला आणि त्या दोन दिवसांत भावाच्या जुन्या फोनमध्ये सिम टाकून काम चालवलं. तेव्हापासून पिवळी रेघ नाही.

सिस्टिम अपडेटची मात्र धास्ती वाटते. त्याला आधार आहे. बाहेरचा डिस्प्ले बसवलेल्या काही आयफोन ६एसचा टच अपडेटनंतर बंद पडला होता आणि ॲपलला २०१७ च्या ऑक्टोबरात आयओएस ११.०.३ मध्ये तो सुधारावा लागला. म्हणून मी अपडेट आल्यावर आठ-दहा दिवस थांबतो आणि आधी बॅकअप घेतो. आजवर माझं काही अडलेलं नाही. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यावर कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती द्यावी असा हेतू आहे. मला अशा माहितीची फार गरज वाटते. त्या चंदेरी टेपबद्दल एक ओळ कुठे मराठीत लिहिलेली असती तर डिसेंबर सुखाचा गेला असता.

माझ्यासारख्या कॉपी, म्हणजे मूळ कंपनीच्या नसलेल्या, डिस्प्लेच्या ज्या उणिवा दुरुस्त होत नाहीत त्याही सांगतो. पांढरा रंग किंचित निळसर दिसतो. भर उन्हात उजेड पूर्ण वाढवला तरी मूळच्या डिस्प्लेइतकं स्पष्ट दिसत नाही, यार्डाच्या अंगणात भाव वाचायला हाताची सावली करावी लागते. काचेवरचा तेलकट डाग लवकर जात नाही. आणि एकदा उघडलेल्या फोनवर पाण्याचा भरवसा नाही. या पावसात मी तो प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवतो.

ज्यांच्या फोनमध्ये एलसीडीऐवजी ॲमोलेड जातीचा पडदा आहे आणि बोटाचा ठसा पडद्याखालीच घेतला जातो, त्यांनी स्वस्त एलसीडी कॉम्बो घेऊ नये. ठसा ओळखणं बंद पडतं आणि कुठल्याही सेटिंगने परत येत नाही. साध्या एलसीडीचा, ठसा बाजूला किंवा पाठीमागे असलेला फोन असेल तर जरूर करावं.

जुना डिस्प्ले अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, स्क्रूच्या कागदासकट. शेजारच्या गाळ्यातल्या पोराने त्याच मॉडेलचा कॉम्बो मागवलाय, फ्रेमसह. रविवारी तो येणार आहे.