मुंबई बघायला जाताय? खोली वाशीला, फोर्टात की दादरला

सोलापूरहून मुंबई बघायला निघालेल्या घरात पहिला प्रश्न असतो, "खोली कितीला पडेल?" आमचाही तोच होता. तीन खेपांना तीन वेगळ्या ठिकाणी उतरल्यावर मी आता आधी दुसरंच बघते: दुपारी दोन वाजता खोलीवर येऊन तासभर पाठ टेकता येईल का? बरोबर सासूबाई आणि दोन मुलं असली की बाकी सगळा हिशेब त्यामागून येतो.

पहिल्या खेपेला वाशीला राहिलो. खोली प्रशस्त, इमारत नवी, लिफ्ट, दिवसभर गरम पाणी, आणि भाडं रोज २,२०० रुपये. एवढ्या पैशांत दक्षिण मुंबईत अशी खोली आम्हाला तरी मिळाली नाही. लोकलचं तिकीटही किरकोळ. पण हार्बर लाइनने वाशी ते सीएसएमटी पाऊण तासाहून जास्त, शिवाय हॉटेलपासून स्टेशनपर्यंतचं वेगळंच. त्यामुळे सकाळी बाहेर पडलं की रात्रीच परत. घारापुरीच्या पायऱ्या चढून-उतरून आलो त्या संध्याकाळी धाकटा कुर्ला यायच्या आतच झोपला. त्याला खांद्यावर टाकून, त्याच्या चपला हातात धरून मी गर्दीतून वाशीला उतरले, आणि सासूबाई मागे राहिल्या की काय म्हणून काळजाचं पाणी झालं. रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद, आहे का ते आदल्या दिवशी बघाच. वाशीत नातेवाईक असतील किंवा स्वतःची गाडी असेल तर मात्र वाशी चांगलीच.

दुसऱ्या खेपेला फोर्टातलं गेस्ट हाउस घेतलं, १,८०० रुपयांत. सीएसएमटी, हुतात्मा चौक, संग्रहालय, गेटवे सगळं पायी. दुपारी खोलीवर येऊन संध्याकाळी मरीन ड्राइव्हला जाता येतं, हे सुख खरंच मोठं. पण खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, संडास-बाथरूम सगळ्या मजल्याला मिळून. फोटोत दिसणारी खिडकी उघडली तर हातभरावर दुसऱ्या इमारतीची भिंत आणि सांडपाण्याचे पाइप. सासूबाई जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबायच्या. तिथे गेल्यावर कळलं की दोघांच्या वर प्रत्येक माणसाचे ५०० रुपये वेगळे, आणि त्यात मिळते ती जमिनीवर घातलेली गादी. पाच जणांचे झाले ३,३००. स्वस्त खोली स्वस्त राहिलीच नाही. दोघंच तरुण असाल तर मात्र मी डोळे झाकून फोर्ट सांगेन.

आता आम्ही दादरला उतरतो. भाडं तिन्हींत जास्त दिसतं: तीन खाटांच्या खोलीला आम्ही ३,००० रुपये दिले. पण त्यात पाचही जण मावले, लिफ्ट होती आणि चेक-आउट २४ तासांचं होतं, म्हणजे खोली घेतल्या वेळेपासून पुढचे २४ तास आपले. हा शेवटचा मुद्दा आमच्यासाठी फार मोलाचा आहे. सोलापूरहून येणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी लवकर पोचते आणि दादरला थांबते. बारा वाजताचं चेक-इन असलेल्या ठिकाणी तोवर सामान घेऊन बसायचं कुठे? इथे थेट खोलीवर, अंघोळी उरकून नाश्त्याला. मध्य आणि पश्चिम दोन्ही लाइनी हाताशी. २०२५च्या ऑक्टोबरपासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावते, त्यामुळे सिद्धिविनायक, गिरगाव, सीएसएमटी एकाच गाडीवर, तेही एसीत आणि लिफ्टने. सासूबाईंसाठी एवढी एकच गोष्ट पुरेशी आहे. त्रास आहे तो आवाजाचा. फुलबाजाराची वर्दळ पहाटेच सुरू होते, म्हणून रस्त्याकडची खोली घेऊ नका. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीला लाखो लोक येतात, तेव्हा आयत्या वेळी खोली मिळेल ही आशा सोडा.

रेल्वेची रिटायरिंग रूम एका रात्रीपुरती उत्तम, पण कन्फर्म किंवा आरएसी तिकीट लागतं. मुंबई सेंट्रलला २०२१ पासून पॉड हॉटेल, म्हणजे झोपण्यापुरत्या कप्प्यांचं हॉटेल, आहे. ती सोय एकट्या माणसाची, मुलाबाळांची नव्हे.

कुठेही घ्या, फोनवर चार गोष्टी विचारून घ्या: पाच जणांचे सगळे मिळून किती, जीएसटी धरून की वेगळा, चेक-आउट बाराचं की २४ तासांचं, गरम पाणी किती ते किती. आणि उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. आम्ही फोर्टात ते केलं नव्हतं. परतीची गाडी रात्रीची असेल तर शेवटच्या दिवसाचं भाडं भरू नका. सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये सामान ठेवता येतं, फक्त बॅगांना कुलूप हवं. घरूनच न्या.