मीडियम वेव्हसाठी डायरेक्ट सॅम्पलिंग की अपकन्व्हर्टर?

आरटीएल-एसडीआर म्हणजे लॅपटॉपला जोडायचा यूएसबी रेडिओ. त्या डोंगलमधला आर८२०टी२ ट्यूनर साधारण २४ मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाही. जळगाव आकाशवाणी ९६३ किलोहर्ट्झवर. म्हणजे एकतर ट्यूनरला वळसा घालून सिग्नल थेट आत न्यायचा (डायरेक्ट सॅम्पलिंग), नाहीतर सिग्नलच ट्यूनरच्या टप्प्यात वर उचलायचा (अपकन्व्हर्टर).

व्ही३ आवृत्तीच्या डोंगलवर डायरेक्ट सॅम्पलिंग फुकटात आहे. एसडीआर शार्प या सॉफ्टवेअरमध्ये सॅम्पलिंग मोड 'क्यू ब्रँच' निवडा, गच्चीवर दहा मीटर तार ताणा, झालं. पण इथं गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, हातात राहत नाही. जळगावजवळ राहत असाल तर ते स्टेशनच आठ बिटांचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) भरून टाकतं आणि दूरची स्टेशनं बुडतात. शिवाय एडीसीचं घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झचं, त्याच्या निम्म्याच्या वरचं सगळं दुमडून खाली येतं, त्यामुळे १९.२ वरचा सिग्नल ९.६ वर (२८.८ वजा १९.२) भूत होऊन उभा राहतो. शॉर्टवेव्ह ऐकताना लो-पास फिल्टर हवाच.

१२५ मेगाहर्ट्झचा अपकन्व्हर्टर लावला की ९६३ दिसतं १२५.९६३ वर, एसडीआर शार्पच्या 'शिफ्ट' रकान्यात -१२५०००००० भरा, उणे चिन्हासकट, म्हणजे आकडा परत खरा दिसतो. गेन मिळतो, ती भुतं जातात. खर्च मात्र वाढतो.

शेतातल्या सोलर पंपाच्या कंट्रोलरची घरघर दोन्हींत सारखीच येते. तार तिथून लांब न्या, लॅपटॉपचा चार्जर काढा. फक्त जळगावचंच ऐकायचं असेल तर अपकन्व्हर्टर घेऊच नका.