पुढून हुक असलेला हार्नेस: लॅब्राडॉरच्या पिल्लावर सात-आठ महिने वापरल्यानंतर

लांबलचक लिहिलंय हे आधीच सांगते. हार्नेस म्हणजे कुत्र्याच्या नुसत्या गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा, त्याच्या रिंगला दोरी अडकवतात. ज्यांना फक्त घेऊ का नको एवढंच हवंय त्यांनी घ्या, पण छातीवर रिंग असलेलाच घ्या, आणि पिल्लू चावतं, अंगावर उड्या मारतं म्हणून घेत असाल तर त्यासाठी याचा काडीचा उपयोग नाही. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

आमचा बंड्या लॅब आहे, वर्षाचा होत आलाय, वजन 29 किलो. हार्नेस घेतला तेव्हा चार-साडेचार महिन्यांचा होता आणि तेव्हाच सासूबाईंनी त्याला खाली न्यायचं सोडलं होतं कारण गेटच्या बाहेर पाय पडला की हा सुसाट, गळ्यातला पट्टा आवळून खर्र खर्र आवाज करत, खोकत, तरी ओढतोच आहे. दुकानात गेलो तर दुकानदार चोक चेन (ओढलं की गळा आवळणारी साखळी) गळ्यात मारायला बघत होता, बंड्याच्याही आणि माझ्याही. नाही घेतली. गळ्याला कॉलर लावून कुत्रा ओढत असेल तर डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि हार्नेसने तसं होत नाही, हे 2006 सालच्या एका अभ्यासात मोजलेलं आहे, आणि श्वासनलिकेला होणारा त्रास तर तुम्हाला तुमच्याच कानाने ऐकू येतो. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या व्हेट लोकांच्या संघटनेने 2021 मध्ये स्पष्टच म्हटलंय की काटेरी कॉलर, शॉकवाली कॉलर वगैरे प्रकार ट्रेनिंगला वापरूच नका. आपल्याकडे अजून सर्रास विकतात.

आता हार्नेसमध्ये दोन प्रकार. पाठीवर रिंग असलेला स्वस्त मिळतो आणि दिसायला छान असतो, पण ओढणाऱ्या कुत्र्याला तो म्हणजे आयतं कोलीतच, कारण जोर सगळा छातीवर वाटला जातो, गळ्याला काही लागत नाही, मग तो खुशाल ओढतो. बर्फात गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांनाही दोरी मागूनच बांधलेली असते, यातच काय ते आलं. छातीवर रिंग असेल तर कुत्र्याने जोर लावला की दोरी त्याला बाजूला वळवते आणि त्याचं तोंड आपल्याकडे होतं. एवढंच त्यामागचं तंत्र आहे, जादू काही नाही.

पहिले काही दिवस मी जाम खूष होते. हात दुखायचा थांबला, सासूबाई परत ठाण्यातल्या उपवन तलावापर्यंत यायला लागल्या. मग बंड्यासाहेबांच्या लक्षात आलं की तिरकं चाललं की परत ओढता येतं, झालं, खेकड्यासारखा आडवा चालत ओढायला लागला. रिव्ह्यूमध्ये हे कोणी लिहीत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. हार्नेसने ओढण्यातली ताकद कमी होते, ओढायची सवय जात नाही. पिल्लू ओढतं कारण ओढल्यावर पुढे जायला मिळतं, खांब मिळतो, दुसरा कुत्रा मिळतो, वडापावचा कागद मिळतो. म्हणजे प्रत्येक वेळी ओढल्यावर आपण एक पाऊल जरी पुढे टाकलं तरी आपण त्याला ओढायचा पगारच देतोय.

तर मग आम्ही काय केलं, दोरी ताणली की जागच्या जागी थांबायचं, तोंडाने काही बोलायचं नाही, दोरी मागे खेचायचीही नाही. तो वैतागतो, वळून बघतो, दोरी सैल पडते, त्या क्षणाला "येस" म्हणायचं आणि खाऊ द्यायचा, आणि तो खाऊ माझ्या डाव्या गुडघ्याशीच द्यायचा, पुढे हात लांब करून नाही, कारण जिथे खाऊ मिळतो तिथे कुत्रा घुटमळतो. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे नाहीतर पनीर. नुसती कोरडी किबल (कुत्र्यांचं दाणेदार तयार खाणं) घरात चालते, रस्त्यावर तिला कुत्रं विचारत नाही. सुरुवातीला आमच्या बिल्डिंगपासून गेटपर्यंत जायलाच एवढा वेळ लागायचा की वॉचमनकाका विचारायचे, ताई काही हरवलंय का. ऑफिसची घाई असेल त्या दिवशी हे जमत नाही, मान्य आहे, पण मग त्या दिवशी मी दोरी पाठीच्या रिंगला लावते. आमच्या हार्नेसला दोन्ही रिंगा आहेत आणि त्यालाही कळलंय की मागे लावलं की टाइमपास, पुढे लावलं की शिस्त. हा दोन रिंगांचा फायदा मला वापरता वापरता कळला, घेताना हे जरूर बघा.

अजून एक, वास घेऊ द्या. चालणं म्हणजे आपल्याला व्यायाम, त्याला पेपर वाचन. आमचा नियम असा की सैल दोरीने झाडापर्यंत आलास तर झाड तुझं, हवा तेवढा वेळ हुंग. चिकनपेक्षा याने जास्त फरक पडला असं माझं मत आहे.

बटणावर आत-बाहेर होणारी दोरी मिळते ना, ती घेऊ नका. तिच्यात कायम थोडा ताण असतोच आणि ओढलं की आणखी दोरी मिळते, म्हणजे आपण शिकवतोय त्याच्या बरोब्बर उलटं. आम्ही साधी दोन मीटरची घेतली आणि मैदानासाठी दहा मीटरची लांब दोरी. लांब दोरीबद्दल दोन गोष्टी, ती फक्त मोकळ्या जागी, रिक्षा-स्कूटरच्या रस्त्यावर अजिबात नाही, आणि ती कायम पाठीच्या रिंगलाच लावायची, छातीच्या नाही, नाहीतर धावताना टोकाला पोचला की झटक्याने कोलमडतो. नायलॉनची हातातून सुटली तर तळवा सोलवटून निघतो, आमच्या ह्यांना विचारा. पावसाळ्यात ती भिजून जड होते आणि दोन दिवस वाळत नाही, घाण वास मारते. नंतर प्लास्टिकचं कोटिंग असलेली बायोथेनची घेतली, महाग आहे पण नळाखाली धरली की साफ.

हार्नेसच्या खऱ्या तक्रारी आता. पट्ट्या सरकतात. एकदा बसवला आणि झालं असं नाही, दर आठवड्याला परत बघावं लागतं, पट्टी आणि अंग यांत दोन बोटं जायला हवीत, तीन जात असतील तर ढिला. ढिला असेल तर ओढल्यावर सगळा एका बाजूला फिरतो आणि घाबरून मागे मागे सरकला तर डोकं काढून मोकळा होतो, आणि मुंबई-ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये ते परवडणारं नाही. म्हणून मी एक छोटी जोडपट्टी हार्नेसमधून गळ्यातल्या कॉलरला अडकवते. दुसरी तक्रार काखेची. जून-जुलैत सतत ओला राहून पुढच्या पायाच्या मागे केस गेले आणि लाल झालं. व्हेटनी सांगितलं, घरी आल्याबरोबर काढा, अंग पुसा, ओला परत घालू नका. तेव्हापासून दोन ठेवलेत, एक वाळतो एक चालतो. घेताना छातीवरची पट्टी आडवी सरळ खांद्यावरून जाणारी नको, समोरून बघितलं तर वाय आकार दिसला पाहिजे, म्हणजे खांदे मोकळे राहतात. वाढत्या पिल्लाला एकच साईज पुरणार नाही हे धरूनच चाला, आमची मधे एकदा बदलली. प्लास्टिकचे क्लिप अजून टिकलेत, रात्री चमकणारी पट्टी मात्र धुऊन धुऊन गेली.

आता चावण्याबद्दल, कारण अर्धे लोक त्यासाठीच हे सगळं शोधत येतात. पिल्लू चावतं ते रागाने नाही हे आधी घरातल्या सगळ्यांना पटवा. दुधाचे 28 दात असतात, चार महिन्यांच्या आसपास पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के येतात, या काळात हिरड्या शिवशिवतात आणि समोर येईल ते तोंडात जातं. आणि कितपत जोरात चावलं की समोरचा ओरडतो हे पिल्लू भावंडांत खेळताना शिकतं, म्हणून फार लहान पिल्लू आणायचं नसतं. 2017 च्या केंद्राच्या नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे, तरी लोक पाच-सहा आठवड्यांची देतात, "लहान आणलं की लळा लागतो" म्हणून. आमचाही तसाच आला होता आणि त्याचं फळ माझ्या हातांनी भोगलं.

सगळे सांगतात, चावलं की जोरात "आई गं" ओरडा. आमच्याकडे उलटं झालं, मी ओरडले की याला वाटायचं खेळ रंगात आला, आणखी चेकाळायचा. आमच्या घरात लागू पडलं ते म्हणजे दात लागले की गप उठून दुसऱ्या खोलीत जायचं, बेबी गेट (लहान मुलांसाठी दारात लावतात ते छोटं फाटक) लावायचं, अर्धा मिनिट, परत यायचं, शांत असेल तर खेळ चालू. घराघरांत गेट नसतो, मग दाराशी उभं राहून पाठ केली तरी चालतं. पण सगळ्यात मोठा फरक पडला झोपेने. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास याच्या अंगात यायचं, सोफ्यावरून टेबलावर, टेबलावरून पोराच्या पायावर, मधे पडदा. आम्हाला वाटायचं व्यायाम कमी पडतो, मग आणखी फिरवायचो, आणखी चेकाळायचा. पिल्लाला दिवसाचे 16 ते 18 तास झोप लागते आणि आमच्या घरात दिवसभर येणंजाणं, टीव्ही, पोराचे मित्र, याला डोळा लावायलाच मिळत नव्हता. दुपारी आतल्या खोलीत अंधार करून, पंखा लावून, चावायला एखादी गोष्ट देऊन दार ओढून घ्यायला लागलो आणि संध्याकाळचा तमाशा निम्म्याहून कमी झाला. दमलेलं लहान मूल जसं किरकिरतं तसंच, पण हे दातांनी किरकिरतं.

चावायला काय द्यायचं तर फ्रीझरमधलं गाजर, आणि हिमालयी चुरपी, म्हणजे दुधापासून केलेलं कडक चीज. चुरपी शेवटी छोटा तुकडा उरला की काढून घ्या, अख्खा गिळतात. पीनट बटर लावत असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) आहे का वाचा, ते कुत्र्याला विषारी आहे, आणि मनुका-द्राक्षं तर एकसुद्धा नाही. कडू स्प्रे आणला होता फर्निचरला मारायला. बंड्याने तो चाटून घेतला, बहुधा आवडला.

आणि हे हसण्यावारी नेऊ नका: खेळता खेळता दात रुतून रक्त आलं, विशेषतः लसी पूर्ण व्हायच्या आधी, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. घरचंच पिल्लू आहे, काय होतंय, असं म्हणणारे ढीगभर भेटतील. रेबीजमध्ये चान्स घ्यायचा नसतो.

उड्यांचं प्रकरण वेगळंच, तिथे कुत्र्यापेक्षा माणसं शिकवायला जड जातात. अंगावर उडी मारली की बघायचं नाही, ढकलायचं नाही (ढकललं की त्याला तो खेळच वाटतो), चारही पाय जमिनीवर आले की लगेच खाली वाकून लाड करायचे. साधं आहे. पण लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे काका हात वर करून "ये ये बंड्या" म्हणतात आणि आमची आठवड्याची मेहनत तिथेच पाण्यात. चार जणांनी दुर्लक्ष केलं आणि पाचव्याने लाड केले की त्याला कळतं प्रयत्न करत राहायचं, लॉटरी कधीतरी लागते. मध्यंतरी तर उड्या वाढल्याच, आधी बरा होता तो. हे होतं, आधी चालणारी युक्ती चालेनाशी झाली की कुत्रा ती सोडायच्या आधी दुप्पट जोर लावतो, त्यात कोणी माघार घेतली की संपलं. सासूबाईंच्या पदराला लोंबकळायचा त्यावर त्यांनीच तोडगा काढला, पूजेला जाताना जमिनीवर मूठभर किबल भिरकावायच्या आणि तो शोधत बसला की शांतपणे देवघरात. मला सुचलं नव्हतं. पाहुणे आले तरी आता हेच, दाराशी डबा ठेवलाय. लिफ्टमध्ये मी दोरीवर पाय ठेवते, इतपत लांब की उभा राहू शकेल पण उडी घेता येणार नाही, आणि काकांना सांगते, बसला तरच हात लावा. काका आता स्वतःच "बस बस" करतात आणि तो बसतोही, माझ्यासाठी इतक्या पटकन बसत नाही.

आठ-नऊ महिन्यांचा झाला तेव्हा सगळं शिकलेलं विसरल्यासारखा वागायला लागला, हाक मारली की कान बंद. वयात येताना होतं, हार्नेस खराब झाला असं समजून नवीन घेऊ नका. त्या महिन्यात आम्ही खाऊ वाढवला, रस्ते सोपे निवडले, गर्दीची वेळ टाळली. मे महिन्यात तर सकाळी सहाला नाहीतर रात्रीच, डांबरावर उलटा हात ठेवून बघायचा, आपल्याला धरवत नसेल तर त्यालाही नको.

आज परिस्थिती अशी की रिकाम्या रस्त्यावर दोरी यू आकारात लोंबते, सासूबाई एकट्या घेऊन जातात. चावणं बंद आहे, फार खूष झाला की मनगट तोंडात धरतो पण दाब देत नाही. मांजर दिसलं की मात्र अजूनही हार्नेस, खाऊ, येस-बिस सगळं विसरतो, त्यामुळे बी विंगच्या मागची गल्ली आम्ही टाळतो, तिथे पार्किंगमध्ये चार आहेत. पैसे वसूल झाले का तर हो, बाराशेच्या आसपास एक पडला, दोन घेतले. ज्यांचा कुत्रा सात-आठ किलोचा आहे त्यांनी एवढा खर्च करायच्या आधी छातीचा घेर टेपने मोजून बघा, पुढच्या पायांच्या लगेच मागून, वजनावरून दिलेले साईज चार्ट बऱ्याचदा चुकतात आणि वापरलेला परत घेत नाहीत.