मल्टिव्हिटॅमिन गोळीचा रिव्ह्यू: समोरच्या जाहिरातीपेक्षा मागचं लेबल महत्त्वाचं

सध्या मी रोज एक मल्टिव्हिटॅमिन गोळी घेतेय, तिच्याबद्दल लिहितेय. ब्रँडचं नाव देत नाहीये, कारण असल्याच लेबलच्या गोळ्या ढिगाने मिळतात आणि मला ब्रँडपेक्षा लेबलबद्दल बोलायचंय, म्हणजे तुमच्या हातातली बाटली कुठलीही असली तरी उपयोग होईल. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार.

आधी किरकोळ गोष्टी. बाटली गडद रंगाची आहे हे बरं केलंय, रायबोफ्लेविन म्हणजे बी२ उजेडात खराब होतं. गोळी मोठी आहे, गिळायला त्रास होणाऱ्यांना जड जाईल. वास उग्र येतो पण तो बी ग्रुपचाच असतो, त्यात काही बिघडलेलं नसतं. लघवी भडक पिवळी होते ती बी२ मुळेच, जास्तीचं बाहेर पडतंय एवढाच त्याचा अर्थ, घाबरू नका.

आता बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय "दिवसभर एनर्जी". इथे माझा पहिला आक्षेप. व्हिटॅमिनमधून एनर्जी मिळत नाही, कॅलरी मिळतात त्या कर्बोदकं, चरबी आणि प्रोटीनमधून, व्हिटॅमिन फक्त त्या कॅलरी सोडवणाऱ्या एन्झाइम्सना (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रोटीन्सना) मदत करतं. ही मदत किती बारकाईची आहे ते बघायचं तर पायरुव्हेट डिहायड्रोजनेज घ्या. ग्लुकोज तुटून पायरुव्हेट तयार होतं आणि ते पुढे मायटोकाँड्रियामध्ये (पेशीतल्या ऊर्जाघरात) ॲसिटाइल को-ए नावाचा पदार्थ बनतं, ते करणारा हा एन्झाइमचा मोठा संच, आणि याला एकट्याला चार बी व्हिटॅमिन्स लागतात. बी१ पासून थायमिन पायरोफॉस्फेट, बी२ पासून एफएडी, नायसिनपासून एनएडी, आणि पँटोथेनिक ॲसिडपासून तो को-ए स्वतः. (लिपोइक ॲसिडही लागतं, पण ते आपलं शरीर बनवतं म्हणून ते व्हिटॅमिन नाही.) यातलं थायमिन कमी पडलं की पायरुव्हेट पुढे सरकत नाही, लॅक्टिक ॲसिड साठायला लागतं, आणि ज्या अवयवांना सतत भरपूर एनर्जी लागते ते आधी कोलमडतात, मेंदू, नसा, हृदय. बेरीबेरी म्हणतात तो आजार हाच. म्हणजे कमतरता असेल तर गोळीने खरंच तरतरी येईल, पण कमतरता नसेल तर नाही, कारण एन्झाइमवरची जागा एकदा भरली की वर कितीही ओता वेग वाढत नाही. शिवाय ही कोएन्झाइम्स, म्हणजे व्हिटॅमिनपासून बनलेले एन्झाइमचे हे मदतनीस, काम झालं की पुन्हा पुन्हा वापरली जातात, म्हणून तर रोजची गरज मिलिग्रॅममध्ये किंवा त्याहून कमी असते. लेबलवर "गरजेच्या २००० टक्के" वाचून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

बी१२ वर मात्र कंपनीला पूर्ण मार्क. बी१२ चा सायनोकोबालामिन हा प्रकार वापरलाय. बरेच जण कमेंटमध्ये विचारतात की मिथाइलकोबालामिनच का नाही, तेच "ॲक्टिव्ह" असतं ना. तर असं आहे की पेशीत शिरल्यावर दोन्हींचा वरचा ग्रुप (सायनो किंवा मिथाइल) काढून टाकला जातो आणि पेशी स्वतःला हवं ते नव्याने बनवते, पेशीद्रवात मिथाइल आणि मायटोकाँड्रियामध्ये ॲडेनोसिल. सायनो टिकाऊ असतं, त्यामुळे बहुतेकांना तेच पुरतं. माणसाच्या शरीरात बी१२ फक्त दोन एन्झाइम्सना लागतं, पण त्यातलं एक अडलं की डीएनए बनवण्याचं काम रखडतं आणि दुसरं अडलं की मिथाइलमॅलोनिक ॲसिड नावाचा मधला पदार्थ साठतो. आणि हे व्हिटॅमिन बनवतात फक्त जिवाणू आणि आर्किया (जिवाणूंसारखेच एकपेशीय सूक्ष्मजीव), ना वनस्पती बनवतात ना प्राणी, मांस-दुधात सापडतं तेही मूळचं जिवाणूंचंच. म्हणून प्राणिजन्य काहीच न खाणाऱ्यांना गोळी किंवा फोर्टिफाइड (वरून बी१२ घातलेले) पदार्थ घ्यावेच लागतात, यात मत-मतांतराचा प्रश्नच नाही. वय झालेल्यांनाही गोळीतलं बी१२ सोपं जातं, कारण अन्नातलं बी१२ प्रोटीनला चिकटलेलं असतं आणि ते सुटायला पोटातलं ॲसिड लागतं, जे वयानुसार कमी होतं, गोळीतलं आधीच सुटं असतं.

फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम, योग्य. मूल हवं असणाऱ्या बायकांनी ते गर्भ राहायच्या आधीपासून घ्यायचं असतं, कारण बाळाची न्यूरल ट्यूब (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी) गर्भधारणेनंतर साधारण चार आठवड्यांतच बंद होते, तेव्हा पुष्कळदा कळलेलंही नसतं. पण एक गोष्ट सांगायलाच हवी, बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड भरपूर घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान मात्र आतून चालूच राहतं. या गोळीत दोन्ही एकत्र आहेत हे चांगलंच आहे, तरी मुंग्या येणं, तोल जाणं असलं काही होत असेल तर गोळीवर विसंबून न राहता बी१२ तपासून घ्या.

आता जिथे स्टार कापलाय तिथे येऊ. बायोटिन! मोठ्या माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतात असं धरतात आणि या गोळीत ते हजारो मायक्रोग्रॅम आहे, "केस आणि नखांसाठी". बायोटिन आपल्या शरीरात पाच कार्बोक्सिलेज एन्झाइम्सना चिकटून कार्बन डायऑक्साइडचा कण जोडायचं काम करतं, चरबी बनवताना, ग्लुकोज नव्याने बनवताना वगैरे. खरी कमतरता असली तर केस गळतात हे बरोबर, पण ती कमतरता फार क्वचित होते, आणि नसेल तर जास्त बायोटिनने केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. हे एवढंच असतं तर मी सोडून दिलं असतं. पण रक्ताच्या बऱ्याच टेस्टमध्ये बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं प्रोटीन स्ट्रेप्टॅव्हिडिन यांची जोडी वापरतात, रक्तात बायोटिन जास्त असेल तर ते मध्ये घुसून निकालच बिघडवतं. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) खोटं कमी आणि थायरॉइड हार्मोन खोटं जास्त दिसू शकतं, म्हणजे आजार नसताना कागदावर हायपरथायरॉइड (थायरॉइड गरजेपेक्षा जास्त चालणं). हार्ट अटॅकसाठी बघतात ते ट्रोपोनिनही खोटं कमी येऊ शकतं, हे तर सरळ जिवाशी खेळणं आहे. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषध नियामक संस्था) २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. एवढं असून बाटलीवर एक ओळ नाही! टेस्टला जाताना लॅबमध्ये आणि डॉक्टरांना बायोटिन घेताय हे आवर्जून सांगा, किती आधी बंद करायचं ते तेच सांगतील.

बी६ चा डोस इथे माफक आहे, पण सोबत दुसरी नसांची गोळी किंवा एनर्जी ड्रिंक चालू असेल तर बेरीज करा. पाण्यात विरघळतं म्हणजे जास्तीचं निघून जातं, काही होत नाही, हा समज बी६ बाबतीत साफ चुकीचा आहे, जास्त डोस बरेच दिवस घेतला तर संवेदनेच्या नसा खराब होतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये मोठ्यांसाठी कमाल मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅमवर आणली, अमेरिकेत ती १०० आहे.

व्हिटॅमिन सी ठीक. ते कोलेजन (त्वचा, हिरड्या वगैरेंना बांधून ठेवणारं प्रोटीन) बनवणाऱ्या एन्झाइममधलं लोह कामाच्या अवस्थेत ठेवतं, नाही मिळालं की कोलेजनचे धागे नीट विणले जात नाहीत आणि हिरड्यांतून रक्त येतं, स्कर्व्ही. मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे की उंदीर, कुत्रा, मांजर हे सगळे स्वतःचं सी ग्लुकोजपासून बनवतात, आपल्याकडे मात्र त्या शेवटच्या एन्झाइमचा जीन मोडका होऊन पडलाय, गिनीपिगचंही तसंच. म्हणजे सी हे आपल्यासाठी व्हिटॅमिन, उंदरासाठी नाही. मांजराचं उलट, तिला बीटा-कॅरोटिनपासून (गाजरातला केशरी रंग) ए बनवता येत नाही, आपल्याला येतं. (आणि म्हणून माणसांची गोळी पाळीव प्राण्यांना देऊ नका, प्लीज.)

ए बद्दल लेबलवर दोन आकडे शोधा, रेटिनॉल (म्हणजे तयार ए) किती आणि बीटा-कॅरोटिन किती. रेटिनॉल शरीरात साठतं आणि गरोदरपणात जास्त झालं तर बाळाला अपाय होतो. बीटा-कॅरोटिनबाबत शरीर गरजेपुरतंच रूपांतर करतं, पण सिगरेट ओढणाऱ्यांनी त्याचे मोठे डोस टाळावेत, फिनलंडमधल्या १९९४ च्या चाचणीत धूम्रपान करणाऱ्या पुरुषांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्के वाढला होता. या गोळीत दोन्ही कमी आहेत, पण ही सूचना छापलेली नाही, छापायला हवी होती.

डी३ ६०० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) आहे, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम (४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम). रोजच्यासाठी ठीक, पण रिपोर्टमध्ये डी खूप कमी आलं असेल तर एवढ्याने भागणार नाही, तेव्हा डॉक्टर देतील तो डोस घ्या. ई मात्र सिंथेटिक "डीएल" प्रकारचं, त्यातलं साधारण निम्मंच यकृत पुढे पाठवतं, इथे कंजूषपणा केलाय.

ए, डी, ई, के चरबीत विरघळतात म्हणून गोळी जेवणासोबत घ्या, रिकाम्या पोटी मळमळतंही. आणि वॉर्फरिन (रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) चालू असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊच नका. के हे रक्त गोठवणाऱ्या प्रोटीन्सना कॅल्शियम धरायची ताकद देतं आणि वॉर्फरिन नेमकं त्याचंच चक्र अडवतं, त्यामुळे मध्येच के वाढलं की औषधाचा असर कमी होतो. ही सूचना बाटलीवर आहे, पण इतक्या बारीक अक्षरात की मोबाईलवर फोटो मोठा करून वाचावी लागली.

बायोटिन कमी करा आणि लॅब टेस्टची सूचना छापा असा मेल कंपनीला पाठवलाय. उत्तर आलं की इथेच एडिट करून टाकेन, सूचना छापली तर अर्धा स्टार वाढवेन.