एटकीपर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे तीन डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर आणि ते सांभाळणारे आम्ही दोघं. पूर्वी कुठल्याही कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलला हात लावण्याआधी तिची कॉपी काढून नावापुढे तारीख चिकटवायचो. शेवटी चालू फाइल कुठली, हेच एकमेकांना विचारावं लागायचं.

जोई हेस यांनी लिहिलेलं एटकीपर सगळ्या कॉन्फिग फाइली जिथे असतात ती अख्खी ईटीसी डिरेक्टरी गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ठेवतं. ॲप्ट (सॉफ्टवेअर पॅकेजं बसवणारी, अपग्रेड करणारी कमांड) चालवलं की त्याआधीची आणि नंतरची नोंद आपोआप होते.

त्याची खरी किंमत कळली एका सोमवारी. स्कॅन केलेले कागद अपलोड होईनात. लहान फाइली जात होत्या, मोठ्यांना ४१३ एरर, म्हणजे 'फाइल मर्यादेपेक्षा मोठी'. शनिवारी सहकाऱ्याने अपग्रेड केलं होतं, पण वेगळं काही केल्याचं त्याला आठवेना. गिट लॉग, म्हणजे बदलांच्या नोंदींची यादी, उघडली. शनिवार संध्याकाळचा कमिट (बदलाची नोंद), त्यात बदललेल्या पॅकेजांची यादी, आणि डिफमध्ये (आधीच्या-नंतरच्या फरकात) एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या मुख्य फाइलमधली एक लाल ओळ, पुढे वजाचं, म्हणजे काढून टाकल्याचं, चिन्ह: क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ ५०एम. नवी फाइल घेऊ का, असं अपग्रेडने विचारल्यावर त्याने 'वाय' दाबलं होतं. ओळ गेली आणि अपलोडची मर्यादा मूळच्या १ एमबीवर आली. ओळ परत घातली, रीलोड केलं, दहा मिनिटांत अपलोड सुरू. एरवी आधी पीएचपी या वेबच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्याच मागे लागलो असतो.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. गिट फाइलचा मालक आणि पूर्ण परमिशन (फाइल कोण वाचू-बदलू शकतं ते) लक्षात ठेवत नाही; एटकीपर त्या वेगळ्या फाइलीत लिहून ठेवतं. म्हणून जुनी आवृत्ती चेकआउट केली (परत आणली) की 'एटकीपर इनिट' चालवायलाच हवं. मी एकदा विसरले, तर पोस्टफिक्स या मेल सर्व्हरची पासवर्डची फाइल ६०० ची (फक्त मालकालाच वाचता येणारी) ६४४ (कुणालाही वाचता येणारी) होऊन बसली. आणि हे पासवर्ड गिटच्या इतिहासातही राहतात, तेव्हा ही रेपो (गिटचा हा साठा) बाहेरच्या सर्व्हरवर अजिबात ढकलू नका.

रोजचा आपोआप होणारा कमिट मी बंद केला. काय बदललं ते त्यात दिसतं, का बदललं ते दिसत नाही. आता न नोंदवलेला बदल असेल तर ॲप्ट अडतं, अशी सेटिंग ठेवली आहे. सुरुवातीला चिडचिड झाली. आता दोघंही दोन ओळी लिहूनच पुढे जातो.

ईटीसीबाहेरचं मात्र त्याच्या कक्षेत येत नाही. युजरचे क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या याद्या) व्हार या दुसऱ्या डिरेक्टरीत असतात, ते सुटतात. म्हणून सध्या एकेक करून ते ईटीसीतल्या क्रॉन.डी मध्ये हलवतेय. दोन सर्व्हर झाले, एक बाकी आहे.